पाच फुटांची बाई आणि चव्वेचाळीस मॅग्नम

समस्त मिशिगनवासी मराठी बंधुभगिनींना, माझ्या माहेरच्या व सासरच्या मंडळींना आणि अलास्कातील तमाम अस्वलांना या लेखाद्वारे जाहीर करण्यात येते की, नोव्हाय येथे राहणाऱ्या, वय वर्षे अठ्ठेचाळीस, उंची पाच फुटांना एक इंच कमी, अशा निम्नस्वाक्षरीकर्तीने चव्वेचाळीस मॅग्नम जातीचे रिव्हॉल्व्हर स्वतः निवडून, स्वतः विकत घेऊन, स्वतः चालवून दाखवले आहे. ज्यांना हे खोटे वाटत असेल त्यांनी आमच्या घरी यावे. चहा मिळेल. भोके पडलेले दिवाळी अंकही पाहायला मिळतील.

आता साध्या भाषेत सांगते.

ही भानगड सुरू झाली आमच्या मीनलमुळे. मीनल डेट्रॉइटात जन्मली, शाळेत पहिली आली, मेडिकलला गेली, पहिलं वर्ष उत्तम पास झाली आणि एके दिवशी फोन करून म्हणाली, "आई, आय क्विट." पंधरा दिवसांत ती अलास्कात एका नदीकाठच्या संशोधन कँपमध्ये साल्मन मासे मोजत होती. "मासे? मोजायला?" माझ्या नवऱ्याने, अरविंदने, एवढंच विचारलं आणि नंतर दोन वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. अरविंद मोटारींचे ब्रेक डिझाइन करतो. ब्रेक लावला की लावला. मीनलचा फोन आला की रिसीव्हर माझ्या हातात देऊन तो गराजमध्ये जायचा. ती दिवाळीला आली नाही, कारण बाबा बोलत नाहीत. बाबा बोलले नाहीत, कारण ती दिवाळीलाही आली नाही. आणि मी मधे, टेलिफोनच्या तारेसारखी ताणलेली.

यंदा मी ठरवलं, पुरे झालं. पोरगी घरी येत नाही ना, मग मी तिच्या घरी जाते. ती कुठे झोपते, काय खाते, कशापायी तिने डॉक्टरकी सोडली, हे मला या डोळ्यांनी बघायचं होतं.

"यू कॅन कम, आई," मीनल फोनवर म्हणाली. "बट देअर्स अ रूल."

नियम असा. विमान उतरतं त्या तळ्यापासून कँपपर्यंत दोन मैलांची पायवाट आहे आणि ती माणसांपेक्षा अस्वलं जास्त वापरतात. म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं हत्यार हवं, आणि ते चालवता येतं हे कँपचा प्रमुख कार्ल याच्यासमोर तळ्याकाठीच दाखवायला हवं. पाच गोळ्या, त्यातल्या चार निशाणावर. नाही जमलं तर आलेल्या विमानाने परत.

"त्याने एका प्रोफेसरला परत पाठवलंय, आई. ही क्राइड."

"मी नाही रडणार," मी म्हणाले.

नोव्हाय

बातमी फुटली ती शनिवारच्या जेवणात. आमच्यात दर महिन्याला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये मराठी मंडळी जमतात, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून एकाची फजिती करायची, अशी पद्धत आहे. त्या शनिवारी मान माझा होता.

"वहिनी," हृदयरोगतज्ज्ञ नाना म्हणाले, "अहो, आपण शाकाहारी माणसं. आपल्याला कशाला बंदुका?"

"तुम्ही शाकाहारी आहात, नाना. अस्वल नाही."

"पण पाच फुटांची बाई आणि—"

"एक इंच कमी," मी म्हणाले. "आणि अस्वल कुणाची उंची मोजत नाही."

गाडीत बसल्यावर अरविंद म्हणाला, "घरात बंदूक येणार नाही."

"मग गराजमध्ये ठेवते. तू तिथे असतोसच."

आमचा प्रेमविवाह. मी त्याला पहिल्यापासून 'अरे' म्हणत आले आणि माझ्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत खुपलं. तेव्हा मी कुणाचं ऐकणाऱ्यांतली नाही, ही माहिती त्याला नवी नव्हती.

मिशिगनमध्ये हँडगन घ्यायची तर आधी पोलिसांचा परवाना लागतो. ठाण्यातल्या साहेबाने विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "अस्वल." त्याने खिडकीतून बाहेर पार्किंग लॉटकडे पाहिलं, मग माझ्या कुंकवाकडे पाहिलं आणि सही केली.

दुकानदाराचं नाव बड. त्याने मला बघताच काचेखालून मोत्यासारख्या मुठीचं, करंजीएवढं एक पिस्तूल काढलं. "हे बघा, हनी. पर्समध्ये मावतं."

"माझं नाव हनी नाही. आणि याने अस्वलाला गुदगुल्या होतील."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि जाण्यापूर्वी लायब्ररीत बसून चांगला अभ्यास केला होता. अस्वल मोठं, त्याच्या अंगावर आधी केस, मग चरबी, मग स्नायू, मग हाड. गोळीला हे सगळं पार करून आत जायचं असतं. तेव्हा वेगाइतकंच वजनही महत्त्वाचं. शॉटगन उत्तम, पण तिचा दस्ता माझ्या हातापेक्षा लांब. मी ती खांद्याला लावली की मी दिसतच नाही, नुसती शॉटगन उभी आहे असं वाटतं. म्हणजे राहिली हँडगन.

बडने आधी सत्तावन्न— नाही, तीनशे सत्तावन्न मॅग्नम दिलं. हाताला सोपं, धक्का कमी. काळ्या अस्वलाला चालून गेलं असतं. "तपकिरी अस्वल असेल तर?" मी विचारलं. बडने डोकं खाजवलं आणि वरच्या फळीवरून चव्वेचाळीस मॅग्नम उतरवलं. वजन घरच्या वरवंट्याएवढं. फरक एवढाच की वरवंटा उलटून कपाळावर येत नाही. दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर पहिली गोळी झाडली तेव्हा दोन्ही हात माझ्या डोक्यावर होते, आरती घेतल्यासारखे.

"तुम्हाला नाही झेपायचं," बड म्हणाला.

त्याने हे म्हटलं नसतं तर कदाचित मी तीनशे सत्तावन्नच घेतलं असतं.

लाकडी मूठ माझ्या पंजाला जाड होत होती, ती बदलून रबराची बारीक मूठ बसवून घेतली. नळी मधल्या लांबीची घेतली. फार आखूड नळीचं हाताळायला सोपं, पण त्याचा धक्का आणि डोळ्यांपुढचा जाळ दोन्ही जास्त. याच रिव्हॉल्व्हरमध्ये चव्वेचाळीस स्पेशल नावाची सौम्य काडतुसंही चालतात. जून महिना मी त्यांच्यावर हात बसवला, जुलैत खऱ्या मॅग्नमवर आले. आणि पर्समध्ये नाही, छातीवरच्या पट्ट्यात ठेवायचं ठरवलं. पर्समध्ये मला घराची किल्लीसुद्धा तीन मिनिटांच्या आत सापडत नाही.

"पण ऑटोमॅटिक का नको?" मी बडला विचारलं होतं.

"रिव्हॉल्व्हर अडकत नाही," बड छातीवर हात ठेवून म्हणाला. "कधीच नाही." हे वाक्य लक्षात ठेवा.

राहिली गोळी. बडचं मत, पोकळ नाकाची घ्या, आत गेली की फुलासारखी उमलते. माझं मत, उमलणारी गोळी फार आत जात नाही. अस्वलाला जड, टणक शिशाची, चपट्या नाकाची गोळी हवी. वाद मिटेना. अशा वेळी ओल्या कागदाच्या गठ्ठ्यावर गोळ्या झाडून बघतात. आमच्या तळघरात पंधरा वर्षांचे दिवाळी अंक होते. अरविंद ऑफिसला गेल्यावर मी ते बाथटबमध्ये भिजत घातले, दोरीने बांधले आणि रेंजवर नेले.

निकाल असा. पोकळ नाकाची गोळी संपादकीय, तीन कथा आणि एक परिसंवाद पार करून चौथ्या अंकाच्या राशिभविष्यात फुलून बसली. टणक गोळी सगळ्या कथा, सगळ्या कविता, दागिन्यांच्या आणि मसाल्यांच्या जाहिराती, एवढंच काय, पाककृतींचं पान फाडून पलीकडच्या मातीच्या ढिगात गेली. एवढं मराठी साहित्य एका दमात कुणीच पार केलं नसेल. बडने टोपी काढली. मी टणक गोळ्यांची दोन खोकी घेतली.

घरी नवी वस्तू आली की तिची पूजा करायची, ही अरविंदची सवय. देवाधर्माचा त्याला सोस नाही, पण हळदकुंकू, फूल आणि कुंकवात माखलेल्या अक्षता पडल्याशिवाय वस्तू वापरायची नाही. मोटार, टोस्टर, गवत कापायचं यंत्र, सगळ्यांची पूजा झालेली. वॉशिंग मशीनच्या वेळी तर त्याने झाकण उघडून अक्षता आत टाकल्या आणि त्याचे ऑफिसचे शर्ट कितीतरी दिवस गुलाबी होते. रिव्हॉल्व्हर मी टेबलावर ठेवलं तेव्हा मात्र त्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही.

"याची पूजा नाही व्हायची," तो म्हणाला.

"मी मागितली?" मी म्हणाले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ते पुसून, ब्रश मारून, तेल लावून लखलखीत केलं. बडने शिकवल्याप्रमाणे गोळ्यांचं चक्र बाहेर काढून, उघडंच पेटीत ठेवलं, म्हणजे रिकामं आहे हे बघणाऱ्याला दिसतं. पेटीला कुलूप लावलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर.

सकाळी अरविंद मला विमानतळावर सोडायला आला. काउंटरवर पेटी उघडून दाखवायची होती. मी पर्समध्ये तिकीट शोधत होते, तेवढ्यात त्यानेच पेटी उघडली, काउंटरवरच्या मुलीने वाकून पाहिलं, त्याने घाईघाईने झाकण लावलं आणि कुलूप घातलं. मला वाटलं, लाजला. "जपून," म्हणाला. मीनलला काही निरोप नाही. मी विचारलाही नाही.

अँकरेज

विमानांचा कंटाळा तुम्हाला सांगत नाही. अँकरेजला पोचले तेव्हा संध्याकाळ होती, पण ऊन जायला तयार नव्हतं. लग्नघरातल्या पाहुण्यासारखं रेंगाळत होतं.

सकाळी एका छोट्या हॉटेलात न्याहारी केली. शेजारच्या टेबलावर एक बाई, एका कडेवर पोर, दुसऱ्या बाजूला कमरेला रिव्हॉल्व्हर, आणि पुढ्यात पॅनकेक. कुणी मान वळवून बघत नव्हतं. मी नोव्हायच्या दुकानात साडी नेसून बटाटे निवडते तेव्हा लोक जास्त बघतात.

तिथून तरंगत्या विमानाने पुढे जायचं. पायलट माझ्याच वयाचा, अबोल. त्याने एकच प्रश्न विचारला, "वजन?" मी नेहमीचं सांगितलं. तो म्हणाला, "खरं वजन, मॅम. विमान त्यावर चालतं." धक्क्यावरच्या पाच अनोळखी पुरुषांसमोर मला माझं खरं वजन मोठ्याने सांगावं लागलं. या सबंध प्रवासात मी दोनदा घाबरले, त्यातली ही पहिली वेळ.

वरून दिसतं ते काय सांगू! डोंगरांच्या कुशीत बर्फ, खाली हिरवी दलदल, आणि मधून नद्या अशा वळलेल्या, जणू कुणी ओल्या सारवणावरून बोट फिरवून रांगोळीची रेघ विसरून गेलंय. घर नाही, रस्ता नाही, खांब नाही. माझी मुलगी इथे राहते, हे मी मनाला दोनदा सांगून बघितलं.

तळं

धक्क्यावर मीनल उभी होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर शॉटगन, वाळलेली, उन्हाने काळवंडलेली. धावत आली नाही. मीही रडले नाही. फोनवर दिलेल्या शब्दाला जागले.

"आई, यू केम."

"मग काय, पत्र पाठवणार होते?"

तिच्या मागे कार्ल. साडेसहा फूट, पांढरी दाढी, आवाज रॉकेलच्या पिंपातून आल्यासारखा. त्याने माझ्याकडे खाली पाहिलं, मी त्याच्याकडे वर पाहिलं. तो म्हणाला, "धुकं येतंय. पायलट पंधरा मिनिटं थांबेल. तुम्ही त्याच्याबरोबर परत जाणार की आमच्याबरोबर पुढे, ते तेवढ्यात ठरवू." आणि मग जरा मऊ होऊन, "मॅम, बंदूक ही शेवटची गोष्ट. आधी आवाज करायचा. वाटेने सतत मोठमोठ्याने बोलत चालायचं. जमेल?"

"हा नियम माझ्यासाठीच केलाय," मी म्हणाले. मीनल हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं.

निशाण म्हणजे प्लायवूडवर रंगवलेलं अस्वल. कँपच्या पोरांनी त्याला चष्माही रंगवला होता. दहा पावलांवर मी उभी राहिले, कानांत बोळे घातले, पेटीतून रिव्हॉल्व्हर काढलं, सवयीने चक्रापुढचा, काडतुसं बाहेर ढकलायचा दांडा एकदा दाबला, पाच गोळ्या भरल्या, चक्र बंद केलं. जरा जड बंद झालं. मला वाटलं, थंडी.

पहिली गोळी चष्म्याच्या खाली, थेट छातीत. पायलटने शीळ घातली.

दुसऱ्या वेळी घोडा हललाच नाही.

मी दाबला. दोन बोटांनी दाबला. चक्र जागचं ढळेना. नळी निशाणाकडेच धरून मी उभी, आणि मागे कार्लचा श्वास. दुसऱ्यांदा घाबरले ती ही वेळ.

"मॅम," तो म्हणाला, "जी बंदूक चालत नाही ती म्हणजे दगड. सॉरी."

"थांबा!"

"अस्वल थांबत नाही."

"अस्वल इथे नाहीये, तुम्ही आहात! ते अडकलंय, मी नाही अडकलेले. मला चालवता येतं की नाही हे बघायचं ठरलं होतं. मला अजून बघितलंच कुठे तुम्ही?" आणि पायलटकडे वळून, "आणि तुम्ही हातातली विमानाची दोरी खाली ठेवा!"

त्याने ठेवली.

कार्लने माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, बरंच ढकलून चक्र उघडलं, गोळ्या काढल्या. चक्राच्या मागे चांदणीच्या आकाराची एक चकती असते, रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी. तिच्याखाली काही शिरलं की ती केसभर वर राहते आणि चक्र फिरत नाही. कार्लने चाकूच्या टोकाने तिथे कोरलं आणि काहीतरी आपल्या भल्याथोरल्या तळव्यावर घेतलं.

तांदळाचा दाणा. लालगुलाबी.

"तांदूळ?" कार्ल म्हणाला. "कुणाचं लग्न आहे?"

मीनल पुढे झाली. "ओ माय गॉड. अक्षता! आई, तू पूजा केलीस? गनची?"

"नाही."

"मग?"

मी पेटीकडे पाहिलं. फोमच्या खाचेत आणखी दोन दाणे होते, आणि आमच्या परसातल्या झेंडूची एक पाकळी. रात्री कुलूप मी लावलं होतं. किल्ली खुंटीवर होती. घरात आम्ही दोघंच.

मीनलला सांगावं लागलं नाही. तिने वॉशिंग मशीनचे गुलाबी शर्ट पाहिले होते. ती तळ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि बराच वेळ बुटाच्या टोकाने एकच खडा इकडून तिकडे करत राहिली.

"आमच्यात नव्या वस्तूला आशीर्वाद देतात," मी कार्लला सांगितलं. "देणाऱ्याचा हात जरा सढळ आहे."

कार्लने चकतीखाली ब्रश मारला, फुंकर घातली, रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. "पुन्हा पाच. पहिल्यापासून."

पहिली छातीत. दुसरी छातीत. तिसरी तळ्यात, कारण मधेच माझ्या डोळ्यांपुढे अरविंद आला, पहाटे पायजम्यात, हातात कुंकवाची वाटी घेऊन. चौथी खांद्यात. पाचवीला मी त्याला बाजूला हो म्हटलं. पाचवी चष्म्याच्या दोन काचांच्या मधोमध.

कार्ल पायलटला म्हणाला, "जा तू."

कँप

दोन मैल आम्ही बोलत चाललो. मी नोव्हायमधल्या प्रत्येक माणसाची बित्तंबातमी ओरडून सांगितली. नानांचं कोलेस्टेरॉल आता अलास्कातल्या सगळ्या प्राण्यांना ठाऊक आहे. वाटेत चिखलात एक पाऊल उमटलेलं होतं, माझे दोन्ही पंजे त्यात मावले. आणि ओढ्याच्या पलीकडे अस्वल दिसलं. ओलं, तपकिरी, आमच्या मोटारीएवढं, तोंडात लाल मासा. त्याने आमच्याकडे पाहिलं. मी रिव्हॉल्व्हरला हातसुद्धा लावला नाही, नुसतं बोलत राहिले. अस्वल मासा घेऊन झाडीत निघून गेलं. सहा आठवडे शिकले ते न वापरल्याचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा निशाण लागल्याचाही झाला नव्हता.

मीनलचा तंबू पाहिला. तिने मला नदीवर नेलं, नदीच्या तळाशी टाकलेल्या पांढऱ्या फळ्यांवरून सरकणारे मासे दाखवले, हातातल्या यंत्रावर टिकटिक करत मोजून दाखवले. "दे कम बॅक, आई. समुद्रातून, जिथे जन्मले तिथेच. कितीही लांब गेले तरी." आणि मग घाईने, "डोन्ट मेक दॅट फेस."

मी नेलेली लसणाची चटणी आणि गोडा मसाला कार्लने जप्त करून पत्र्याच्या पिंपात घातला आणि पिंप दोन झाडांमधे दोरीने उंच टांगलं. माझ्या आजोळी मांजरासाठी शिंकं असायचं, इथे अस्वलासाठी. बाकी सगळं तेच. संध्याकाळी मी पिंप उतरवायला लावलं, साल्मनच्या तुकड्यांना तिखट, मीठ, हळद चोळून तांदळाच्या पिठीत घोळवलं आणि तळायला बसले. कार्लने पाच तुकडे खाल्ले आणि मला पुढच्या वर्षी कधी येणार ते विचारलं.

मग रेडिओची वेळ झाली. पाहुणा सुखरूप पोचला की घरी कळवायचं, हा त्यांचा आणखी एक नियम. इथून रेडिओवर बोलायचं, गावातल्या विमान ऑफिसमधली बाई आपला टेलिफोन माइकला लावून धरते, आणि नदीवरच्या सगळ्या कँपांना सगळं ऐकू येतं.

"आई, कम. बाबा लाइनवर आहेत."

"माझे हात पिठाचे आहेत," मी म्हणाले. "तूच बोल."

"आई!"

"तेल तापलंय."

मीनलने माइक तोंडाजवळ नेला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. कढईतला तुकडा करपत होता आणि मी तो उलटत नव्हते.

"बाबा," ती म्हणाली. मग माझ्यासमोर कित्येक वर्षांत बोलली नसेल असं मराठी बोलली. "आई पोचली. तुम्ही गनमध्ये अक्षता टाकल्या का? ओव्हर."

खरखर. नुसती खरखर. कार्लने खाणं थांबवलं. वरच्या आणि खालच्या कँपांतले लोकही, मला खात्री आहे, श्वास रोखून बसले असणार.

आणि मग मिशिगनहून, सगळ्या नदीला ऐकू जाईल असा, अरविंदचा आवाज फुटला:

"अगं, तुझ्याकडे यायला निघाली होती ती! तशीच सोडू का?"